शेजाऱ्यांना विचारून

६ जानेवारी

चि. शंकासुरास,

आशीर्वाद. जुनेच आहेत, पण अजून चालतात.

तुझं पत्र पोचलं. लहानपणी तू मला दिवसाला चाळीस प्रश्न विचारायचीस, म्हणून मी तुला हे नाव ठेवलं. आता तेच काम तुला टेबल-खुर्ची देऊन करायला लावतात हे वाचून मामा म्हणून ऊर भरून आला.

तुझ्या कामाचं मला जे कळलं ते माझ्या शब्दांत लिहितो, चुकलं तर कान धर. डॉक्टर एका गावात, रोगी दुसऱ्यात. मधे पडदा. रोग्याचं चित्र बारीक चौकोनी तुकडे होऊन निघतं आणि वाटेत काही तुकडे हरवतात. हरवल्या जागी भोक दिसू नये म्हणून तुझा प्रोग्राम तिथे काहीतरी भरतो, आणि इतक्या सफाईने भरतो की डॉक्टरांना पत्ता लागत नाही. बरोबर?

मग ऐक. आमच्या धंद्यात याला चोरी म्हणतात.

रागावू नकोस. सव्वीस वर्षं मी या ग्रंथालयात जुन्या पोथ्या संपादित करतोय. कोपरे तुटतात, कसर लागते, कधी लेखनिकालाच डुलकी लागलेली असते, अक्षरं जातात. गेलेल्या जागी काय असेल ते मलाही पुष्कळदा कळतं. वृत्त सांगतं, व्याकरण सांगतं, मागचापुढचा अर्थ सांगतो. पण मी जे भरतो ते चौकोनी कंसात. वाचणाऱ्याला कळलं पाहिजे की हे पोथीतलं नव्हे, या गृहस्थाच्या पदरचं आहे. कंसाशिवाय एक काना भरणाऱ्या माणसाला मी घरात घेणार नाही, मग तो तुझ्या मामीचा भाऊ का असेना.

सध्या हातात आहे ती पोथी विहिरींची. कुठल्या झाडाच्या कुठल्या अंगाला, किती हात खणलं की पाणी लागेल, याचं शास्त्र. जगात ही एकच प्रत. चौऱ्याण्णव पानं, त्यातली एकावन्न झाली. माझ्या हातून ती पुरी व्हावी एवढी एकच इच्छा उरली आहे. बाकीच्या मामीने केव्हाच मोडीत काढल्या.

आमच्या जोडाक्षराचं तुला सांगितलं होतं का? माझ्या शेजारी बसायचा, सारखा कुणाला तरी चिकटलेला, म्हणून हे नाव. पोथीला हात लावणाऱ्या प्रत्येकाने दरवर्षी डॉक्टरांचा दाखला आणायचा, की हात स्थिर आहेत. तीन वर्षांपूर्वी त्याला मिळाला नाही. ग्रंथपालबाईंनी त्याच दुपारी त्याला सूचीच्या खोलीत बसवलं. पोथ्या त्याला आता काचेतून दिसतात.

हे पत्र छापील बघून दचकू नकोस. ग्रंथालयाने मला कॉम्प्युटर दिला आहे, मी त्याचा मान राखतो.

एक शंका, तुझ्याच पद्धतीची. भिंतीचा तुकडा हरवला तर भरणं सोपं. पण हलत्या वस्तूचा हरवला तर? मामीच्या गुडघ्यासाठी परगावचे डॉक्टर हल्ली तुमच्याच पडद्यावर येतात, म्हणून विचारतो. गुडघा हलतो.

तुझा
मामा

---

१९ जानेवारी

ती. मामा,

नमस्कार. साष्टांग घातला असता, पण माझ्या खोलीत तेवढी जागा नाही.

चोर म्हणालास ते ऐकून घेतलं. आता चोरीची पद्धत ऐक.

भिंत हरवली तर आधीच्या क्षणाच्या चित्रातली भिंत उचलायची आणि लावायची. हलतं काही हरवलं, तर मी आजूबाजूच्या तुकड्यांना विचारते: तुम्ही कुठे सरकलात? ते म्हणाले डावीकडे, की मधला हरवलेलाही डावीकडे सरकवायचा. हे शेजाऱ्यांना विचारणं माझं आहे बरं, आधी नव्हतं. पूर्वी चित्र ठेचकाळायचं, माणसाचं नाक कानाजवळ जायचं. आता कुणाला कळतही नाही. कळत नाही हेच माझं यश, त्यामुळे कौतुक करायला कुणी येत नाही.

मामीचा गुडघा सुखरूप आहे. मांडी, पोटरी, सगळे शेजारी एकदम हलतात, ते खरं सांगतात. मी फसते ती एकाच ठिकाणी. हालचाल लहान, भरभर, जागच्या जागी आणि आजूबाजूला सगळं शांत असेल तर. समज, कपाटावर माशी बसून पंख फडफडवते आहे. तिचे शेजारी म्हणजे सगळं कपाट. कपाट म्हणणार, आम्ही तर हललो नाही बुवा. मग माझ्या चित्रात माशीही थांबते. त्यात हलत्या भागाची पाठवायची माहिती जास्त असते, त्यामुळे हरवायची पाळी आली की पहिली तीच हरवते. सिग्नल जितका वाईट, तितकी माशी शांत.

पण माशा बघायला डॉक्टर कुठे बसलेत?

कंसाचं म्हणशील तर, चित्रात कंस घालायचा कुठे? तूच सांग.

आणि कॉम्प्युटरचा मान राखणं पुरे. तुझं अक्षर बघून मला घरी आल्यासारखं वाटतं. हाताने लिही.

तुझी
शंकासुर

---

८ फेब्रुवारी

चि. शंकासुरास, आशीर्वाद.

माशीचं उदाहरण फार उत्तम. मी ते दोनदा वाचलं. तुझ्या आईला तू लहानपणी काही समजावून सांगायला लागलीस की ती स्वयंपाकघरात निघून जायची. तिने काय गमावलं ते तिला सांगायला हवं.

मामीचा गुडघा गेल्या आठवड्यात पडद्यावर जाऊन आला. पुढच्या खोलीत रस्त्याचा गोंगाट, म्हणून मागच्या सामानाच्या खोलीत बसलो, दोन लोखंडी कपाटांच्या मधे. चित्र छान आलं. डॉक्टर खूश. म्हणाले, चांगलाच फरक दिसतोय, दोन गोळ्यांची एक करू.

माझा वार्षिक दाखलाही मिळाला. ग्रंथपालबाईंनी तो दोन्ही बाजूंनी वाचला. मागची बाजू कोरी होती.

पोथी अठ्ठावन्नाव्या पानावर आहे. या पानांत पाण्याची खोली दिली आहे, एकेका झाडाखाली किती हात. कागद बिस्किटासारखा ठिसूळ. चार तारखेला एका पानाने जरा त्रास दिला, पण निभावलं.

हाताने लिहायचं म्हणतेस, तर आता सवय मोडली. मोठा माणूस झालोय, छापून येतो. मामी माझ्या नव्या तऱ्हांना हसते: बटणांचे शर्ट सोडून मी डोक्यातून घालायचे सदरे घेतले, आणि चहा अर्धा अर्धा कप करून दोनदा पितो. तिचं म्हणणं, या वयात मला तरुण व्हायची हुक्की आली आहे. तिचा गैरसमज मी दूर करत नाही.

तुझा
मामा

---

२२ मार्च

मामा,

दीड महिना पत्र नाही, कारण लिहिण्यासारखं बरं काही नव्हतं.

एका लहान दवाखान्यातल्या परिचारिकेने तक्रार पाठवली. ती रोग्याच्या शेजारी उभी होती, डॉक्टर पडद्यावर. एक म्हातारे शिंपी, हातांना कंप. डॉक्टर म्हणाले, "वा, हात अगदी शांत आहेत की." आणि तिच्या डोळ्यांसमोर तो हात मांडीवर थडथड उडत होता. तिने सांगून बघितलं. डॉक्टर म्हणाले, "मला दिसतंय ना." तिने आम्हाला दोनच ओळी लिहिल्या आहेत: तुमच्या पडद्यावर हात थांबतो. खोलीत थांबत नाही.

मामा, ती माझी माशी आहे.

मांडी शांत, खुर्ची शांत, शेजारी सगळे म्हणाले आम्ही हललो नाही, आणि मी त्या माणसाचा हात थांबवला. मी विनोद केला होता ना, माशा बघायला डॉक्टर कुठे बसलेत म्हणून. असेच बसलेत. कंप बघायलाच बसलेत. त्यांना मी किती शांत हात दाखवले असतील आणि त्यावरून किती औषधं कमी झाली असतील, मोजता येत नाही. भरलेलं भरलं म्हणून आम्ही कुठे नोंदवतच नाही.

मी आमच्या मुख्यांना म्हटलं, भरलेल्या तुकड्यांभोवती बारीक राखाडी रेघ काढू. डॉक्टरांना कळू दे, इथलं खरं नाही, विचारून घ्या. ते म्हणाले, "म्हणजे चित्रावर जाळी? लोक म्हणतील यांचं चित्र फाटकं. दोन वर्षं खपून तू भोकं बुजवलीस, आता त्यांना चौकटी बसवतेस?" वर म्हणाले, एक तक्रार म्हणजे तक्रार नव्हे.

मला चौकोनी कंस सापडलाय, मामा. तुझाच आहे. पुढच्या महिन्यात मला सगळ्यांपुढे हे मांडायचंय. तू सव्वीस वर्षं जे करतोस ते मला नीट लिहून पाठव, मी तसंच वाचून दाखवीन.

शंकासुर

---

३० मार्च

चि. शंकासुरास,

पत्र मिळालं. तू फार मनाला लावून घेतलंस.

पोथी आणि चित्र यांत फरक आहे. पोथी वाचणारा सावकाश वाचतो, त्याला कंस झेपतात. डॉक्टरांना घाई असते. त्यांच्यापुढे तू जाळी धरलीस तर त्यांनी रोग बघायचा की जाळी? अनुभवी डॉक्टर एका हातावरून ठरवत नाहीत. शिवाय कंप काय, कधी असतो, कधी नसतो. त्या परिचारिकेला दिसला तेव्हा असेल, डॉक्टरांना दिसला नाही तेव्हा नसेल.

तुझे मुख्य अनुभवी आहेत. त्यांचं ऐकावं. रेघांचा नाद सोड.

इकडे सर्व ठीक. काम चालू आहे.

मामा

---

९ एप्रिल

शंके,

तू मला वेगळं पत्र घातलंस, बरं केलंस. पण गुडघा कसा आहे म्हणून काय विचारतेस? माझ्या गुडघ्याला काय धाड भरलीय? तीन जिने चढून गच्चीवर कपडे वाळत घालते मी.

डॉक्टर पडद्यावर येतात ते खरं. पण मामा एकटाच बसतो, मागच्या खोलीत, दार लावून. मला सांगतो पोथीबद्दल कुणाशी तरी बोलणं आहे. दोन दिवसांपूर्वी मी तशीच आत गेले तर डावा हात मांडीखाली दाबून बसला होता. मला बघून म्हणाला, "थंडी वाजतेय." माझ्या अंगातून घामाच्या धारा लागल्या होत्या.

सुरीने भाकरीचा तुकडा कापता येत नाही त्याला आता. पातेली मी उतरवते. विचारलं की विनोद करतो. तुला माहीत आहे, त्याच्या विनोदापुढे माणूस काही बोलूच शकत नाही.

मी तुला सांगितलं असं त्याला कळू देऊ नकोस. म्हणजे बोलू नकोस. पण बोल.

मामी

---

१३ एप्रिल

मामा,

तुझी पत्रं टेबलावर ओळीने मांडली. तू पोथीची पानं मांडतोस तशी.

छापील अक्षरं. बिनबटणांचे सदरे. अर्धा कप. लोखंडी कपाटांमधली खोली, जिथे सिग्नल मेलेला असणार. दोन गोळ्यांची एक. हे सगळं तू मला लिहिलंस आणि मी हसले. मधली भोकं मीच भरली: मामाला कॉम्प्युटर आवडला, मामाला तऱ्हा सुचल्या, मामीचा गुडघा.

पण मी अडले ती तुझ्या शेवटच्या पत्रापाशी. कंसाशिवाय काना भरणाऱ्याला घरात न घेणारा माणूस मला रेघांचा नाद सोड म्हणून लिहितो, आणि सबंध पत्रात एकही विनोद नाही. ते पत्र तुझं नव्हतं. कुणीतरी तुझ्या जागी बसून लिहिलं होतं.

मी तुला माशी समजावून सांगितली आणि तू ती औषधासारखी घेतलीस. घरातली सगळ्यात वाईट खोली शोधून काढलीस, शेजारी माझा प्रोग्राम बसवलास, आणि हात थांबवून दाखला घेतलास. मला राग येतोय तो तुझा की माझा, कळत नाही. गोळी निम्मी झाली मामा. तुझा कंप वाढला असेल तर त्यातला अर्धा मी वाढवलाय.

पोथीसाठी केलंस, हेही मला कळतं. जोडाक्षर काचेपलीकडे बसला ते तू रोज बघतोस. म्हणून मी डॉक्टरांना लिहिणार नाही, ग्रंथपालबाईंनाही नाही. तू लिही. पुढच्या खोलीत खिडकीशी बस आणि दोन्ही हात मांडीवर ठेव. खाली नाही, वर.

इकडे मी लेखी दिलंय की खुणेशिवाय हे काम माझ्या नावाने बाहेर जाणार नाही. मुख्य चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. बैठक मे महिन्याच्या वीस तारखेला आहे. माझ्या हातात त्या परिचारिकेच्या दोन ओळी आहेत, बस. रोग्यांची चित्रं बघायचा मला हक्क नाही. बहुतेक हरेन.

तू काय करतोस ते कळव. हाताने. कसंही आलं तरी चालेल.

तुझी
शंकासुर

---

६ मे

चि. [शंकासुरास],

हे हाताने लिहितो आहे. तीन दिवस लागले, रोज [सकाळी] थोडं. जिथे माझं अक्षर लागत नाही तिथे मामीने कंसात भरलं आहे. जिथे तिलाही लागलं नाही तिथे टिंबं. आमच्या घरात संपादनाला दुसरा माणूस मिळाला, एवढा यातला फायदा.

खिडकीशी बसलो. हात वर ठेवले. डॉक्टर [लगेच] म्हणाले, "हे कधीपासून?" मी म्हटलं, "पहिल्यापासून. मी तुम्हाला वाईट खोलीतून दाखवत होतो." ते पहिल्यांदा चिडले, मग खुर्ची पुढे ओढून नीट बघायला लागले. गोळ्या पुन्हा दोन झाल्या. मधल्या तीन [महिन्यांत] जे गेलं ते परत येईल का, विचारलं. म्हणाले, "सांगता येत नाही." मला ते डॉक्टर त्या [क्षणी] आवडले.

मग ग्रंथपालबाई. हे अवघड होतं, कारण दाखल्याहून वाईट एक गोष्ट त्यांना सांगायची होती, ती तुलाही सांगतो. चार फेब्रुवारीला अठ्ठावन्नाव्या पानाचा कोपरा माझ्या हाताखाली मोडला. मोडला म्हणजे [चुरा] झाला, चिमटीत येईना. त्यावर एका झाडाखालची खोली होती, किती हात ते. फक्त आकडा गेला, दोन अक्षरं.

मी नकलेत "सप्त" लिहिलं. सात हात. कंस नाही, टीप नाही. आदल्या दिवशी मी ते पान वाचलं होतं, मला [आठवतंय], असं मी स्वतःला सांगितलं. वृत्तात पंच बसतं, सप्त बसतं, अष्ट बसतं. पण मला सातच आठवत होतं.

तुझं पत्र आल्यावर पान पुन्हा काढलं. वरच्या ओळीत सात आहे. खालच्या ओळीतही सात आहे. मला काही आठवत नव्हतं, [शंके]. मी शेजाऱ्यांना विचारलं होतं.

सात खोडलं. आता तिथे रिकामा कंस आहे आणि खाली टीप: येथील आकडा संपादकाच्या हातून नष्ट झाला. बाईंनी टीप वाचली. म्हणाल्या, "संपादकाच्या [हलगर्जीने] लिहा." मी म्हटलं, हलगर्जी नव्हती, हात होता. त्यांनी "हातून" राहू दिलं. ज्याला पाणी हवं असेल त्याने खणून बघावं.

पोथीला मी आता हात लावायचा नाही. जोडाक्षराने [सूचीच्या] खोलीत माझ्यासाठी खुर्ची सरकवली आणि आपली तिला चिकटवली. मंगळवारी आणि गुरुवारी बाई स्वतः पानं उलटतात, मी वाचून सांगतो, जोडाक्षर कॉम्प्युटरवर उतरवतो. अट अशी की माझे हात खिशात. अठ्ठावीस पानं उरली [आहेत]. वेग बैलगाडीचा.

आता तुझी बैठक. परिचारिकेच्या दोन ओळींबरोबर हे पत्र ने. रोगी मीच आहे, माझी चित्रं बघायची परवानगी देतो: मागच्या खोलीतली आणि खिडकीतली, दोन्ही शेजारी शेजारी लाव. दोन्हींच्या मधे जेमतेम महिना गेला आहे. डॉक्टरांनाही तसं कळवलं आहे. तुझ्या [मुख्यांना] सांग, एक तक्रार म्हणजे तक्रार नव्हे हे मान्य, ही दुसरी.

सही खाली आहे. ती कशी दिसते ते बघून ते परवानगीबद्दल शंका [घेतील]. घेऊ देत. हात माझाच आहे.

मार्चमध्ये मी तुला जे लिहिलं, त्याबद्दल . . . . . . . . . . . . .

तुझा
मामा

शंके, वरच्या टिंबांपाशी मला अक्षर लागलं होतं. भरू का विचारलं तर नको म्हणाला. म्हणे, तिला भोक दिसू दे. — मामी